क्लच जायला लागलाय, हे ओळखायचं कसं?

गॅरेजमध्ये “क्लच गेलाय, पूर्ण सेट बदलावा लागेल” असं सांगितलं की बहुतेक गाडीमालक गप्प होतात. टायर डोळ्यांना दिसतो, ब्रेक पॅडची जाडी चाकाच्या फटीतून डोकावून पाहता येते. क्लच मात्र इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधल्या बंद कवचात असतो. गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय तो नजरेला पडत नाही. त्यामुळे समोरचा सांगतोय ते खरं की नाही, हे ठरवायला आपल्याकडे काहीच नाही असं वाटतं.

पण तसं नाही. क्लच अचानक दगा देतो ते क्वचितच. एरवी तो बरेच दिवस आधीपासून खुणा देत असतो आणि प्रत्येक खूण वेगळ्या भागाकडे बोट दाखवते. त्या ओळखता आल्या तर चांगला क्लच उगाच बदलला जात नाही आणि संपलेला क्लच भर चढावर गाडी अडवत नाही.

## मुळात क्लच करतो काय?

इंजिन एकदा सुरू झालं की त्याला फिरत राहावं लागतं. गाडी उभी असताना ते साधारण ७०० ते ९०० आरपीएमने, म्हणजे मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांनी, फिरतं; त्याच्या फार खाली गेलं तर बंद पडतं. चाकांना मात्र सिग्नलला थांबावं लागतं. फिरतं इंजिन आणि थांबलेली चाकं यांना हवं तेव्हा जोडायचं आणि हवं तेव्हा वेगळं करायचं, हे क्लचचं काम.

दोन तळहात एकमेकांवर घट्ट दाबा आणि एक हात फिरवा. दुसराही त्याच्याबरोबर फिरतो. दाब थोडा सैल केलात की हात एकमेकांवर घासतात आणि गरम होतात. दाब काढला की दुसरा हात जागच्या जागी राहतो. क्लचमधलं सगळं यात आलं: पकड, घसरण, उष्णता आणि सुटका.

आता खरे भाग. इंजिनाच्या टोकाला फ्लायव्हील नावाची जड लोखंडी चकती असते. तिच्यासमोर क्लच प्लेट, म्हणजे दोन्ही बाजूंना खरखरीत अस्तर लावलेली पातळ चकती. ही गिअरबॉक्सच्या दांड्यावर बसते. तिला मागून फ्लायव्हीलवर दाबून धरते ती प्रेशर प्लेट, आणि तिच्या पोटातली चपटी, पाकळ्यांची स्प्रिंग हा दाब देते. तुम्ही पेडल दाबता तेव्हा केबल किंवा तेलाच्या दाबाने रिलीज बेअरिंग पुढे सरकतं, पाकळ्यांना ढकलतं आणि पकड सुटते.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची. पाय पेडलवर नसतो तेव्हा क्लच पकडलेला असतो. पाय दाबल्यावर तो सुटतो. अनेकांच्या डोक्यात हे उलटं बसलेलं असतं आणि मग पुढच्या सगळ्या खुणांचा अर्थही उलटा लागतो.

बिघाड म्हणूनच दोन मुख्य प्रकारचे. एक तर क्लच नीट पकडत नाही, किंवा नीट सुटत नाही. दोन्ही वेळा लोक “क्लच गेला” असंच म्हणतात, पण कारणं वेगळी असतात आणि खर्चातही मोठा फरक पडतो.

## इंजिन ओरडतं, गाडी पळत नाही

पकड कमी झाली की क्लच घसरतो, म्हणजे स्लिप होतो. माझ्या मते सगळ्या खुणांमध्ये हीच सर्वांत विश्वासार्ह, आणि ती ओळखायला मेकॅनिक लागत नाही. आरपीएमच्या काट्याकडे लक्ष दिलं तरी पुरतं.

गिअर तोच असेल तर वेग आणि आरपीएम यांचं प्रमाण ठरलेलं असतं. समजा, पाचव्या गिअरमध्ये ताशी ६० किलोमीटरला काटा १,८०० वर असतो. मग ८० ला तो २,४०० वरच असला पाहिजे. आता तुम्ही पाचव्या गिअरमध्ये ६० ने चढ चढताय आणि ॲक्सिलरेटर जोरात दाबलात. काटा १,८०० वरून टुणकन २,६०० वर गेला, इंजिनाचा आवाज चढला, आणि वेग मात्र ६० चा ६०च. पाय थोडा उचलला की काटा पुन्हा खाली येऊन स्थिर होतो. ते वरचे ८०० फेरे चाकांपर्यंत पोचलेच नाहीत, क्लच प्लेटवर नुसते घासून गेले.

ही चाचणी मोकळ्या रस्त्यावर, पुढे-मागे वाहन नसताना, वरच्या गिअरमध्येच करा. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गाडी चटकन वेग घेते, त्यामुळे क्लचवर पूर्ण जोर क्षणभरच येतो. चौथ्या-पाचव्यात तोच जोर बराच वेळ टिकून राहतो आणि अशक्त पकड उघडी पडते. शहरात ठीक चालणारी गाडी सामान भरून चढावर गेली की कुरकुरते, ती यामुळेच.

हँडब्रेकची चाचणीही बरेच जण सांगतात. सपाट, मोकळ्या जागी हँडब्रेक पूर्ण ओढायचा, तिसरा गिअर टाकायचा आणि क्लच सावकाश सोडायचा. क्लच चांगला असेल तर इंजिन लगेच बंद पडतं. रेंगाळत राहिलं तर क्लच घसरतोय. पण हिची मर्यादाही समजून घ्या. इथे इंजिन आरामात फिरत असतं, पूर्ण जोर लावत नसतं. क्लच अगदीच संपला असेल तर तो इथे सापडतो. नुकता घसरायला लागलेला क्लच मात्र यात पास होऊ शकतो. शिवाय क्लच खरंच घसरत असेल तर प्रत्येक प्रयत्नात प्लेट तापते. एकदा करा, पुन्हा पुन्हा करून खात्री करत बसू नका.

## “कालपर्यंत तर ठीक होता!”

असं जवळजवळ प्रत्येकाला वाटतं, आणि त्यात खोटं काही नाही. इंजिन जास्तीत जास्त जितका जोर देऊ शकतं, त्यापेक्षा बराच जास्त जोर पेलेल अशा बेताने क्लच बनवलेला असतो. अस्तर झिजत जातं तशी ही शिल्लक कमी होते, पण गाडी चालवताना काहीच जाणवत नाही. शिल्लक संपून क्लचची ताकद इंजिनाच्या जोरापेक्षा कमी झाली की पहिल्यांदा घसरण दिसते. झीज कित्येक वर्षांची असते, आपल्या लक्षात येते ती एका दिवशी.

त्यानंतर मात्र सगळं वेगाने होतं. घसरण म्हणजे उष्णता. क्लचमधून १०० न्यूटन-मीटर इतका फिरवण्याचा जोर जात असेल आणि दोन्ही बाजूंच्या वेगात १,००० आरपीएमचा फरक असेल, तर त्या बंद कवचात साधारण १० किलोवॉट उष्णता तयार होते. तिने अस्तर गुळगुळीत, काचेसारखं होतं. गुळगुळीत अस्तर आणखी घसरतं, आणखी तापतं. म्हणून घसरण एकदा सुरू झाली की “पुढच्या सर्व्हिसिंगला बघू” म्हणणं परवडत नाही.

## पण पेडल तर नेहमीसारखंच लागतंय

“क्लच वर लागायला लागला की तो संपला” हा नियम आपण सगळ्यांनी ऐकलाय. केबलच्या क्लचला तो बऱ्यापैकी लागू पडतो. अस्तर झिजलं की स्प्रिंगच्या पाकळ्या बेअरिंगच्या दिशेने सरकतात, पेडलचा सुरुवातीचा हलका मोकळा प्रवास कमी होतो, आणि पाय जवळजवळ पूर्ण उचलल्यावरच गाडी हलते.

तेलाच्या दाबावर चालणाऱ्या, म्हणजे हायड्रॉलिक क्लचमध्ये गोष्ट वेगळी. तिथे अस्तर झिजतं तसा आतला पिस्टन आपोआप मागे सरकून फरक भरून काढतो. पेडल साधारण तिथेच लागत राहतं आणि प्लेट आतून संपत आलेली असते. तेव्हा अशा गाडीत पेडलच्या उंचीवर भरवसा ठेवू नका.

पेडल जड होणं ही मला त्याहून बोलकी खूण वाटते. प्लेट पातळ झाली की चपट्या स्प्रिंगचा कोन बदलतो आणि तिला ढकलायला जास्त जोर लागतो. बदल इतका हळू होतो की रोज चालवणाऱ्याच्या लक्षातच येत नाही. तीच गाडी दुसऱ्या कुणी चालवली की तो पहिल्याच गिअरला म्हणतो, “केवढा जड आहे हा क्लच!” त्याचं म्हणणं मनावर घ्या. केबलच्या गाडीत मात्र केबल आतून गंजली किंवा कोरडी पडली तरी पेडल जड होतं, म्हणून आधी केबल पाहायची.

ॲडजस्ट करून भागेल का? केबलच्या गाडीत पेडलचा मोकळा प्रवास पार संपला असेल तर बेअरिंग पाकळ्यांवर सतत टेकून राहतं आणि चांगला क्लचही घसरतो. अशा वेळी ॲडजस्टमेंटने खरोखर भागतं. प्रवास योग्य ठेवूनही घसरण राहिली, तर अस्तर संपलंय किंवा त्यावर तेल आलंय.

## गिअर अडतोय, रिव्हर्स टाकताना खर्रर्र होतं

ही दुसरी बाजू: क्लच नीट सुटत नाही. पेडल पूर्ण दाबूनही प्लेट फ्लायव्हीलबरोबर थोडी फिरत राहते. पहिला गिअर ढकलून टाकावा लागतो आणि रिव्हर्सला दातांचा आवाज होतो. कधी कधी पेडल तळाला टेकलेलं असूनही गाडी पुढे सरकू पाहते.

तपासणी सोपी आहे. इंजिन बंद असताना सगळे गिअर टाकून पाहा. मग इंजिन सुरू करून, पेडल पूर्ण दाबून टाका. बंद असताना सहज पडतात आणि चालू असताना अडतात, तर दोष क्लच न सुटण्याचा. दोन्ही वेळा अडत असतील तर गिअर लिव्हरची जोडणी किंवा गिअरबॉक्स बघायला हवा, क्लचच्या मागे लागून उपयोग नाही. आणखी एक: पेडल दाबून तीन-चार सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. तेवढ्या वेळात गिअरबॉक्सचा दांडा थांबायला हवा. तरीही खरखर झाली, तर प्लेट मोकळी होत नाहीये.

अशा वेळी क्लच प्लेट चांगली असू शकते, आणि हे मालकाला माहीत नसल्यामुळे उगाच मोठा खर्च होतो. कारण बहुधा पेडल आणि बेअरिंग यांच्या मधल्या वाटेवर असतं. केबल ताणली गेलेली असते, हायड्रॉलिकमध्ये हवा शिरलेली असते, किंवा मास्टर सिलिंडर (पेडलकडचा) नाहीतर स्लेव्ह सिलिंडर (क्लचकडचा) गळत असतो. पेडल स्पंजसारखं लागतं, दोन-तीनदा पंप केल्यावर गिअर नीट पडतो, किंवा दाबलेलं पेडल वर येत नाही, या सगळ्या तेलाच्या वाटेच्या तक्रारी. अनेक गाड्यांत क्लचचं तेल ब्रेकच्याच डबीतून येतं. त्यातली पातळी पाहा. ती खाली जात असेल तर गळती शोधल्याशिवाय गाडी चालवू नका, कारण तेच तेल ब्रेकचंही आहे.

आणि गॅरेजला जाण्याआधी पेडलखालचं मॅट बघा. दुमडलेलं जाड मॅट पेडल तळापर्यंत जाऊ देत नाही आणि लक्षणं हुबेहूब हीच दिसतात.

## थरथर, वास आणि आवाज

पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडताना गाडी थडथडत निघत असेल, तर पकड एकसारखी बसत नाही. इंजिनाच्या मागच्या सीलमधून किंवा गिअरबॉक्सच्या सीलमधून तेल झिरपून अस्तरावर आलेलं असतं, किंवा फ्लायव्हील तापून त्यावर कडक डाग पडलेले असतात. पण इंजिनाचे रबरी माउंटिंग ढिले झाले तरी अशीच थरथर होते, आणि ते बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही. म्हणून आधी ते तपासून घ्या. गाडी दमट हवेत बरेच दिवस उभी राहिली तर फ्लायव्हीलवर गंजाचा पातळ थर येतो आणि सुरुवातीला थोडी थरथर होते. दोन-चारदा गाडी हलवल्यावर ती गेली तर विसरून जा.

जळका, उग्र वास आला म्हणजे अस्तर तापलंय. तीव्र चढावर गाडी मागे घेताना एकदा वास आला, तर क्लच गेला असं होत नाही. गाडी थांबवा, थंड होऊ द्या. सपाट रस्त्यावर, साध्या चालवण्यातही वास यायला लागला तर प्रकरण गंभीर आहे.

आवाजाचा अर्थ पेडलवरून लागतो. गाडी न्यूट्रलमध्ये उभी ठेवा आणि पेडल हळूहळू दाबा. दाबताना घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज सुरू झाला, तर संशय रिलीज बेअरिंगवर. उलट, पेडल सोडलेलं असताना आवाज येतो आणि दाबल्यावर थांबतो, तर बहुधा गिअरबॉक्सच्या दांड्याचं बेअरिंग कुरकुरतंय. सेट बदलूनही तो आवाज जाणार नाही, म्हणून आवाज नेमका कशाचा आहे हे आधीच विचारून घ्या.

## अजून किती चालवता येईल?

रिलीज बेअरिंगचा बारीक आवाज असेल तर गाडी काही काळ चालू शकते, पण ते बेअरिंग जाम झालं की पाकळ्यांनाही खाऊन टाकतं. घसरणाऱ्या क्लचला मुदत देऊ नका. तसंच चालवत राहिलात तर अस्तर बसवणारे रिव्हेट, म्हणजे धातूच्या खिळ्या, वर येऊन फ्लायव्हीलवर चरे पाडतात. जो खर्च प्लेटवर थांबला असता तो फ्लायव्हीलपर्यंत जातो. काही गाड्यांत, विशेषतः बऱ्याच डिझेल गाड्यांत, स्प्रिंग बसवलेलं दोन भागांचं ड्युअल मास फ्लायव्हील असतं. ते फार महाग पडतं.

वाटेतच घसरायला लागला तर धोक्याचे दिवे लावा, ॲक्सिलरेटर अगदी हलका ठेवा, चढ टाळा आणि सुरक्षित जागी बाजूला घ्या. जास्त दाबून गाडी पळणार नाही, फक्त प्लेट लवकर जळेल.

## पूर्ण सेटच का बदलायचा?

ही शंका रास्त आहे आणि तिचं उत्तरही तितकंच सरळ. या कामात मोठा वाटा मजुरीचा असतो, कारण गिअरबॉक्स उतरवून परत चढवावा लागतो. नवी प्लेट आणि जुनं बेअरिंग बसवलं, आणि ते काही महिन्यांत गेलं, तर सगळी मजुरी दुसऱ्यांदा द्यावी लागते. म्हणून प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकत्र बदलणं शहाणपणाचं. स्लेव्ह सिलिंडर कवचाच्या आतच असेल तर तोही त्याच वेळी बदलावा. तेलाचं सील ओलं असेल तर तेही, नाहीतर नवीन प्लेटवर पुन्हा तेल येईल.

जुना सेट मागून घ्या आणि उजेडात बघा. नव्या प्लेटवर अस्तरातल्या रिव्हेटची डोकी चांगली खोल बुडालेली असतात. संपलेल्या प्लेटवर बोट फिरवलं की ती अस्तराच्या जवळजवळ सपाटीला लागतात, कधी चकाकतानाही दिसतात. तेल आलेली प्लेट एका भागात काळपट, ओलसर आणि चकचकीत दिसते. प्रेशर प्लेटच्या लोखंडावर निळसर-जांभळे डाग असतील तर ती खूप तापलेली आहे. पाकळ्यांची टोकं जिथे बेअरिंग घासतं तिथे बघा: खोल खाच पडली असेल तर पेडल का जड आणि खडबडीत लागत होतं ते कळतं. आणि रिव्हेट अजून खोल आहेत, अस्तर कोरडं, जाड आणि एकसारखं आहे, तर क्लच का बदलला, हे शांतपणे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. जुन्या प्लेटवरची धूळ फुंकर मारून उडवू नका. पूर्वी अस्तरात ॲसबेस्टॉस वापरत, आणि कुठल्याही अस्तराची बारीक धूळ फुप्फुसात जाणं वाईटच.

## माझी गाडी ऑटोमॅटिक आहे, मला काय त्याचं?

कोणती ऑटोमॅटिक, त्यावर अवलंबून. एएमटी (मॅन्युअल गिअरबॉक्सच, पण गिअर आपोआप बदलणारा) गाडीत नेहमीचाच क्लच असतो, फक्त पेडलचं काम यंत्र करतं. तो तसाच झिजतो, तसाच घसरतो. निघताना झटके, गिअर बदलायला लागणारा वेळ, वर जाणारं आरपीएम या त्याच्या खुणा. चढावर ॲक्सिलरेटर हलका दाबून गाडी जागेवर धरून ठेवली तर क्लच सतत घासत राहतो. अशा वेळी ब्रेक वापरा. ड्युअल क्लच गाडीत दोन क्लच असतात आणि हीच काळजी तिथेही लागू. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत निघताना जोर तेलातून पोचतो, त्यामुळे या लेखातल्या बहुतेक खुणा तिला लागू नाहीत. विजेवर चालणाऱ्या बहुतेक गाड्यांत क्लच नसतोच.

## “मी तर नीटच चालवतो”

क्लचचं आयुष्य किलोमीटरमध्ये ठरलेलं नसतं. एकसारखी दोन वाहनं एकाच दिवशी घेतली, तरी महामार्गावर धावणाऱ्या गाडीचा क्लच गर्दीत अडकणाऱ्या गाडीच्या दुप्पट टिकू शकतो, कारण झीज होते ती निघताना आणि गिअर बदलताना. एकदा पूर्ण पकडला की अस्तर घासत नाही.

सर्वांत जास्त नुकसान हाफ क्लचने, म्हणजे पेडल अर्धवट दाबून ठेवल्याने होतं. चढावरच्या रांगेत गाडी हाफ क्लचवर तोलून धरणं कौशल्याचं वाटतं, पण त्या वेळी प्लेट सतत जळत असते. दुसरी सवय म्हणजे चालवताना डावा पाय पेडलवर टेकवून ठेवणं. नुसत्या पायाच्या वजनानेही पकड थोडी सैल होऊ शकते आणि बेअरिंग कायम फिरत राहतं. सिग्नल मोठा असेल तर न्यूट्रल करून पाय पूर्ण काढा. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी काढू नका.

नवीन क्लच बसवल्यावर पहिले काहीशे किलोमीटर जोरात निघणं आणि जड ओझं टाळा, अस्तर आणि लोखंड एकमेकांशी नीट बसायला तेवढा वेळ लागतो. या काळात पेडल जुन्यापेक्षा हलकं लागेल, क्लच वेगळ्या उंचीवर पकडेल, एक-दोनदा गाडी बंदही पडेल. ते ठीक आहे. थरथर मात्र पहिल्याच आठवड्यात दिसली तर सवय होईल म्हणून वाट पाहू नका. फ्लायव्हील साफ केलं होतं का, बसवताना प्लेटला तेल किंवा ग्रीस लागलं होतं का, आणि माउंटिंग तपासले होते का, हे तिन्ही प्रश्न घेऊन गाडी लगेच परत दाखवा.